बोनच्या बरण्या, खान्देशातल्या बाटल्या

"बाटली लयनी का?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीपाशी पहिला प्रश्न हाच. दुखणं काय ते आत डॉक्टरांना सांगून झालेलं असायचं, "पोट दुखस" म्हणून चिठ्ठीही मिळालेली असायची. खिडकीआडच्या कंपाउंडरला पोटाशी घेणं नव्हतं, त्याला बाटली हवी असे. घरून आणलेली, गरम पाण्यानं विसळलेली, बुचासकट. रॉकेलची चालायची नाही. खोबरेल तेलाची नीट धुतलेली असेल तर चालायची. तो बाटली उजेडात धरून बघे, मोठ्या भांड्यातलं गुलाबी नाहीतर पांढरट औषध तीत ओती आणि बाहेरून कागदाची एक कातरलेली पट्टी खळीनं चिकटवी. पट्टीला करवतीसारखे दाते. एक दाता म्हणजे एका वेळचं औषध. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ते दाते वाचता येत.

खिडकीच्या आत रुग्णाला जाता येत नसे. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, ऐकू मात्र यायचं: खलात पडणारा बत्त्याचा घाव, काचेवर काच, पितळी पारड्याची किणकिण. आणि वास. कार्बोलिक, पेपरमिंट आणि टिंक्चर यांचा मिळून जो वास व्हायचा तोच दवाखान्याचा वास, असं साठीपुढची माणसं अजून सांगतात.

युरोपातल्या जुन्या इस्पितळांमध्ये अशा काही खोल्या जशाच्या तशा राखून त्यांची संग्रहालयं केलेली आहेत. आपल्याकडं ही खोली इंग्रजी अमलाबरोबर आली, शे-सव्वाशे वर्षं नांदली आणि मोडीत निघाली. मोडीत हा शब्द इथं अक्षरशः घ्यायचा. तिथली खोली टिकली कशी आणि इथली गेली कशी, त्याची ही पार्श्वभूमी.

फ्रान्सच्या बर्गंडी भागात बोन नावाचं गाव आहे, द्राक्षमळ्यांचं. बर्गंडीच्या ड्यूकचा दिवाण निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी ४ ऑगस्ट १४४३ रोजी तिथं गोरगरिबांसाठी इस्पितळ स्थापन केलं. इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध संपत आलेलं होतं, मुलूख लुटारूंनी धुऊन नेलेला, लोक अन्नाला महाग. १ जानेवारी १४५२ ला पहिला रुग्ण आत आला आणि तेव्हापासून १९७१ पर्यंत त्याच वास्तूत रुग्णसेवा चालली. १४५२ साली खान्देशावर फारुकी राज्य करत होते. नंतर मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले आणि गेले; बोनची इमारत तेच काम करत राहिली. खर्चाला आधार होता दानात मिळालेल्या द्राक्षमळ्यांचा. आपल्याकडं देवस्थानाला इनाम जमीन असते तसाच प्रकार. या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून दरसाल होतो.

या इस्पितळाची औषधशाळा आज पाहायला मिळते. फळ्यांवर झिलई दिलेल्या मातीच्या १३० बरण्या ओळीनं मांडलेल्या आहेत, शेजारच्या दालनात काचेची भांडी आहेत, खाली ओतीव काशाचा मोठा खल. बरण्या आहेत १७८२ सालच्या. इस्पितळाचं जन्मसाल आणि बरण्यांचं साल यांत सुमारे तीनशे चाळीस वर्षांचं अंतर आहे, आणि पाहणारे बहुतेक जण ते विसरतात. १४४३ ची इमारत बघून आत शिरलं की सगळंच त्या काळचं वाटू लागतं. खरं तर अशी खोली एका दिवसाची नसते. प्रत्येक पिढीनं आपल्याला लागेल ते आणलं, जुनं मागं सरकवलं, आणि मागं सरकवलेलं कुणी फेकलं नाही म्हणून ते उरलं.

पात्रांवरची नावं वाचताना हसू येतं. एकात वाळवून कुटलेल्या किड्यांची पूड, ओल्या दगडाखाली सापडणारे आणि बोट लावलं की गोळी होऊन बसणारे ते किडे. एकात 'खेकड्याचे डोळे'. हे डोळे म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्याच्या जातीतल्या प्राण्याच्या पोटात जमणारे चुन्याचे खडे. पोटातल्या आम्लावर ते देत. म्हणजे आपल्या शंखभस्माचाच चुलतभाऊ. ते आठवलं की हसू जरा आवरतं. आणि एका पात्रावर नाव आहे कुचल्याच्या पुडीचं. कुचला, कोकणातला काजरा. इस्पितळ सांभाळणाऱ्या नन ज्या बिया कुटून ठेवत होत्या त्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गलबतात बसून तिकडं गेलेल्या. कुचला लक्षात ठेवावा. तो पुढं तालुक्याच्या दवाखान्यात पुन्हा भेटणार आहे.

औषधशाळेसाठी युरोपात जो शब्द रूढ झाला, त्याचं मूळ ग्रीक 'अपोथेके', म्हणजे कोठार. त्यातूनच औषध करणारा तो अपॉथेकरी. ही माल साठवण्याची जागा होती, हे नाव विसरू देत नाही. बरण्यांचं घराणं मात्र पूर्वेकडचं. मधे किंचित आवळलेली उंच बरणी, इटालियन लोक तिला अल्बारेल्लो म्हणतात, ती इराण-सीरियाकडच्या कुंभारांची. कंबर आवळलेली असल्यानं दाटीवाटीनं मांडलेल्या ओळीतून एका हातानं उचलता येते, आणि काठ बाहेर वळलेला असल्यानं तोंडावर कातडं ताणून दोरी बांधता येते. आपल्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तो याच युक्तीनं.

इस्पितळात औषधाची वेगळी खोली ठेवायची पद्धतही त्याच बाजूची. बगदाद, दमास्कस, कैरो इथल्या बीमारिस्तानांत अशी खोली असे आणि तिला शराबखाना म्हणत. नावावर जाऊ नये. अरबीत शराब म्हणजे पेय. सरबतही त्याच धातूचं. कडू औषध साखरेच्या पाकात घालून द्यायचं तंत्र तिथलं. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक यानं सिसिलीच्या राज्यात कायदाच केला: वैद्यानं तपासावं, औषध दुसऱ्यानं करावं आणि दोघांनी धंद्यात भागी ठेवू नये. दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून उभं असलेलं मेडिकल पाहिलं की या सम्राटाची आठवण हटकून येते.

आपल्या परंपरेत ही फारकत नव्हती. चरकानं चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. यात औषध आहे, औषध करणारा वेगळा माणूस नाही. वैद्य स्वतःच कुटणार, खलणार, भावना देणार, म्हणजे पूड रसात भिजवून पुन्हा घोटणार. त्याचा खल गोल नसतो, नावेसारखा लांबट असतो, कारण काम घाव घालण्याचं कमी आणि घोटण्याचं जास्त. चौसष्ट प्रहरी पिंपळी म्हणजे पिंपळी आठ दिवस, आठ रात्री खलत राहायची. गंमत अशी की युरोपच्या औषधशाळांत सर्वांत मानाचं जे औषध होतं, थेरियाक नावाचं, त्यात नीरोच्या वैद्यानं चौसष्ट द्रव्यं घातली होती. तिकडं चौसष्ट वस्तू, इकडं चौसष्ट प्रहर. त्या चौसष्टांत विषारी सापाचं मांस होतं, अफू होती, आणि मिरी, सुंठ, दालचिनी ही मंडळीही होती. व्हेनिसमध्ये हे औषध भर चौकात, लोकांसमोर तयार करत, म्हणजे भेसळीचा संशय नको.

दवाखाना हा शब्द फारसी वळणाचा, आणि खान्देशात फारसी आली ती बुऱ्हाणपुरातून. आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी खान्देशची जुनी राजधानी तीच. फारुकींनंतर मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ठाणंही तिथंच होतं. जहांगिरानं १६०५ मध्ये गादीवर आल्यावर जे बारा हुकूम काढले, त्यांत मोठ्या शहरांत शिफाखाने बांधून हकीम नेमावेत आणि खर्च सरकारी खजिन्यातून व्हावा असा एक हुकूम होता. बादशहाचा हुकूम आणि गावातला अंमल यांत अंतर असतं, ते तेव्हाही असणार. खेड्यापाड्यात औषधाचा आधार वैद्य, जडीबुटी विकणारा पसारी आणि घरातली म्हातारी. सातपुड्यात हा आधार बडवा, म्हणजे आदिवासींचा मांत्रिक-वैद्य. हिरडा, बेहडा, बिब्बा, कुडा, मुसळी यांची कोठी म्हणजे आख्खा डोंगर, आणि ती कुलपात ठेवायची गरज नसते.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडं आला. कॅप्टन जॉन ब्रिग्जनं ठाण्यासाठी धुळे निवडलं आणि पुढच्याच वर्षी सरळ रेषेत रस्ते आखून नवी वस्ती वसवली. धुळेकर आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे पत्ते सांगतात, त्याची सुरुवात तिथली. छावणी, कचेरी, तुरुंग आले की मागोमाग सरकारी डॉक्टर येतो, आणि डॉक्टरबरोबर औषधांची पेटी.

कंपनी सरकारच्या वैद्यकीय खात्यात अपॉथेकरी हा चक्क एक हुद्दा होता. गोऱ्या सर्जनच्या हाताखाली काम करणारा, बहुधा अँग्लो-इंडियन माणूस. त्याच्या खाली हॉस्पिटल असिस्टंट, त्याच्या खाली कंपाउंडर आणि ड्रेसर. नाव युरोपातल्या औषधशाळेचं, पण रचना लष्करी. बोनच्या ननला आपल्या बरण्या पुढच्या ननच्या हवाली करायच्या असत. इथला अपॉथेकरी बदली झाली की बाडबिस्तरा घेऊन निघे. हा फरक बारीक वाटतो, पण खोली टिकण्या-न टिकण्याचं बीज मला तिथंच दिसतं.

१८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागं एक आणा लोकल फंड बसला. त्यातून रस्ते झाले, शाळा झाल्या, आणि नगरपालिकांच्या वर्गणीची जोड मिळून तालुक्याच्या गावी दवाखाने उघडले. जुनी माणसं 'लोकल बोर्डाचा दवाखाना' म्हणायची ते हे. औषधं मुंबईच्या मेडिकल स्टोअर डेपोतून येत. त्यासाठी वर्षाचा इंडेंट भरायचा: एवढा पौंड एप्सम, एवढं एरंडेल, एवढं टिंक्चर. त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वे चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला पोचली. धुळ्याला मात्र चाळीसगावहून फाटा फुटायला १९०० साल उजाडलं. तोवर धुळ्याच्या काचेच्या बरण्यांनी बैलगाडीतले धक्के खाल्ले.

इथं एक आडवळण घेतो, कारण ते चाळीसगावावरूनच जातं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी १८५१ मध्ये बाहेर पडली, तीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचा उपचार करून त्यांनी नाव मिळवलं. पण खान्देश त्यांना ओळखतो तो वेगळ्या कारणानं. चाळीसगावाजवळ पाटणच्या देवळातला शिलालेख त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला आणि शके ११२८ मध्ये त्याला दान मिळालं, हे आपल्याला त्या लेखामुळं कळतं. मुंबईच्या ज्या संग्रहालयाला १९७५ पासून भाऊ दाजींचं नाव आहे, तिथं बरण्या, हत्यारं, मातीच्या प्रतिकृती असं बरंच काही आहे. जुनी वस्तू जपावी हे कळणारा माणूस आणि औषध देणारा माणूस एकच असू शकतो, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

औषधखोलीत काय होतं ते आता बघू.

भिंतीला उंच मांडणी. वरच्या फळीवर काचेच्या मोठ्या बुचाच्या बाटल्या, त्यांवर लॅटिन नावांचे तुकडे: टिंक्चर अमुक, पल्व्ह तमुक. एका कोपऱ्यात विषाचं कपाट, कुलूपबंद, किल्ली डॉक्टरपाशी. विषाच्या बाटल्या निळ्या नाहीतर हिरव्या, अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या, का तर रात्री कंदिलाच्या उजेडात नाव दिसलं नाही तरी बोटांना कळावं. टेबलावर खल, पांढरी फरशी, पात्याची लवचीक सुरी, मापाचे काचेचे पेले. गोळ्या वळायचं यंत्र असे: खाचांची पितळी पाटी आणि तशाच खाचांचा लाटणा. पिठाची वळकटी करून त्यावर फिरवली की एका दमात बारा नाहीतर चोवीस गोळ्या. शेवया पाटावर वळणाऱ्या बाईला हे यंत्र दोन मिनिटांत समजलं असतं.

आणि तराजू. हाती धरायचा छोटा, पितळी पारड्यांचा, लाकडी पेटीत वजनांसह बसणारा. त्याची मापं इंग्रजी अपॉथेकरींची: वीस ग्रेनचा एक स्क्रूपल, तीन स्क्रूपलचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस. बाहेर बाजारात चालत होती गुंज, मासा आणि तोळा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, त्यामुळं कंपाउंडरचं काम सोपं झालं: मासा पंधरा ग्रेनचा, ड्रॅम चार माशांचा, तीन ड्रॅम म्हणजे एक तोळा. दोन जगांचं गणित तोंडपाठ असलेला माणूस गावात एक तर सोनार असे, नाहीतर कंपाउंडर.

कोणतं औषध आधी घालायचं आणि कोणतं मागून, यात सगळी विद्या होती. क्विनाइन साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, त्याला सौम्य गंधकाम्ल लागतं. त्याच बाटलीत सोड्यासारखा क्षार पडला की क्विनाइन पुन्हा वेगळं होऊन तळाशी बसतं. त्याहून भयंकर गोष्ट कुचल्याची. कुचल्यातून काढलेलं स्ट्रिक्निन शक्तिवर्धक म्हणून थेंबाच्या मापानं देत. ते पोटॅशियम ब्रोमाइडच्या बरोबर एका बाटलीत गेलं तर हळूहळू स्फटिक होऊन खाली उतरतं. वरचे दाते बिनविषारी, आणि शेवटच्या दात्यात सगळं विष. 'बाटली हलवून घेणे' ही छापील सूचना या अनुभवातून आली आहे. बोनच्या बरणीतली पूड आणि तालुक्याच्या बाटलीतला शेवटचा डोस, झाड एकच.

खान्देशात या खोलीचं मुख्य काम हिवतापाचं. सातपुड्याचा पायथा, नवापूरकडचा जंगलपट्टा, पावसाळा सरताना घरोघरी हुडहुडी. सिंकोना हे दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याची लागवड १८६० च्या सुमारास निलगिरीत आणि पाठोपाठ दार्जिलिंगकडं झाली, तेव्हा कुठं क्विनाइन इथं आवाक्यात आलं. १८९२ मध्ये बंगालात टपाल कचेऱ्यांतून पैशाला एक पुडी अशी विक्री सुरू झाली आणि ती पद्धत पुढं इतर प्रांतांतही गेली. कडूपणा असा की मुलाला पाजायला दोघांनी धरावं लागे. गावात एखादा दवाखान्याचं औषध घेऊन बरा झाला की श्रेय डॉक्टरपेक्षा कंपाउंडरला मिळे. 'त्याच्या हाताला गुण आहे' हे वाक्य मी लहानपणी ज्यांच्याबद्दल ऐकलं, त्यांतले निम्मे कंपाउंडर होते.

गोऱ्या सरकारच्या फळ्यांवर देशी औषधं नव्हती असंही नाही. कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यानं १८४० च्या दशकातच बंगालसाठी औषधकोश केला (याच माणसानं पुढं हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा ओढल्या). १८६८ मध्ये एडवर्ड वॉरिंगच्या संपादनाखाली हिंदुस्थानचा औषधकोश आला. इसबगोल, चिराईत, बेलफळ यांना त्यात जागा मिळाली. म्हणजे पसाऱ्याच्या दुकानातली पुडी इंग्रजी लेबल लावून दवाखान्याच्या फळीवर जाऊन बसली. ओव्याचं तर आणखी मजेशीर. पहिल्या महायुद्धाआधी इथला ओवा जर्मनीला जायचा, तिथं त्यातून थायमॉल, म्हणजे आपलं ओव्याचं फूल काढायचे, आणि ते औषध म्हणून जगभर विकलं जायचं.

ही खोली बंद कशी पडली? एका झटक्यात नाही. १९३० मध्ये सरकारनं कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. बाजारात भेसळीची औषधं, कमी ताकदीचं क्विनाइन आणि पुरेसं शिक्षण नसलेले औषध देणारे, असं चित्र समितीनं मांडलं. त्यातून १९४० चा औषध कायदा आला आणि १९४८ चा फार्मसी कायदा. नोंदणी केलेल्या फार्मासिस्टनंच औषध द्यावं, हे तत्त्व रुजलं. हाताला गुण असलेला, पण कागद नसलेला कंपाउंडर एका पिढीत मागं पडला. वजनमापांचा १९५६ चा कायदा येऊन ग्रेन आणि ड्रॅम गेले, तोळा-मासाही गेला. मग कारखान्यातल्या गोळ्या आल्या, आधी डब्यातून मोजून, पुढं पत्र्याच्या पाकिटात. ढवळायचं, घोटायचं, गाळायचं कामच उरलं नाही. खिडकी राहिली, आतली खोली गोदाम झाली. अपोथेके हा मूळचा अर्थ असा फिरून परत आला म्हणायचा. रुग्णाच्या दृष्टीनं हे सगळं भल्याचंच झालं. शेवटच्या दात्यातलं विष गेलं, याबद्दल हळहळ वाटायचं कारण नाही.

हळहळ वाटते ती सामानाची. सरकारी कचेरीत वस्तूंच्या दोन जाती. खुर्ची, कपाट, तराजू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉकमध्ये. बाटली, बूच, पेला हे खर्ची पडणारं सामान. फुटलं की फूट म्हणून वजा. नोंदवहीतली वस्तू निरुपयोगी ठरली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, मंजुरी येते आणि लिलाव होतो. घेणारा पितळेचा भाव बघतो. पितळ मोडीत, काच रद्दीवाल्याच्या पोत्यात, लाकूड चुलीत. यात कुणाचा दुष्टावा नाही. कारकुनानं नियम पाळला. नोंदवहीत 'जुनी आहे म्हणून ठेवावी' असा रकानाच नाही.

बोनला तो रकाना नव्हता, तरी खोली राहिली, कारण मालक बदलला नाही आणि मळ्यांचं उत्पन्न चालू होतं; जुन्या बरण्या विकून पैसे उभे करायची वेळ आली नाही. बेल्जियममध्ये ब्रूज गावच्या संत जॉन इस्पितळाची औषधशाळा १६४३ मध्ये सुरू झाली आणि तीही १९७१ पर्यंत चालू होती. तिथंही मठाच्या भगिनी, तिथंही तीच इमारत. लंडनचं उदाहरण उलटं आहे. तिथल्या जुन्या सेंट थॉमस इस्पितळाचा अपॉथेकरी शेजारच्या चर्चच्या माळ्यावर औषधी झाडपाला वाळवायचा. १८२२ मध्ये त्याच माळ्यावर बायकांसाठी शस्त्रक्रियेचं दालन केलं. १८६२ मध्ये रेल्वेसाठी इस्पितळ हललं आणि माळा बंद झाला, तो जवळजवळ शंभर वर्षं. १९५० च्या दशकात एक संशोधक शिडी लावून वर गेला तेव्हा दालन धुळीत तसंच होतं. या माळ्यावर पोस्ताची वाळलेली बोंडंसुद्धा सापडली. १९६२ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं. बोनला खोली जपली म्हणून राहिली, लंडनला विसरली म्हणून. आपल्याकडं दर वर्षी पडताळणी व्हायची, त्यामुळं विसरायचीही सोय नव्हती.

खान्देशाला जपणं येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे गेले आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेले कागद तिथं आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३५ मध्ये समर्थ वाग्देवता मंदिर काढलं, तिथं रामदासी बाडं आहेत. चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर, त्यांचे फोटो आणि जमवलेल्या वस्तूंसह, पाहायला मिळतं. कागद आपण जपले, पोथ्या जपल्या, एका कलावंताचं घर जपलं. बाटली जपायची असते हे सुचलं नाही, कारण बाटली रुग्णाची होती. बोनच्या बरणीवर नाव आहे, साल आहे, ती इस्पितळाची मालमत्ता आहे. आपल्या औषधाचं भांडं रुग्ण घरून आणायचा आणि घरी न्यायचा. औषध संपलं की त्यात पुन्हा तेल.

म्हणून या खोलीतलं जे काही उरलंय ते घराघरांत विखुरलेलं आहे. कुणाच्या स्वयंपाकघरात दवाखान्याचा चिनी मातीचा खल वेलदोडे कुटायला आहे. कुणाच्या खिडकीत कंगोऱ्यांच्या निळ्या बाटलीत मनीप्लांट. मूत्रपिंडाच्या आकाराची, कडा उडालेली एनॅमलची तबकडी मी एका घरी देवपूजेच्या फुलांसाठी वापरताना पाहिली आहे. तिचं पूर्वायुष्य मी त्यांना सांगितलं नाही.

आमच्या घरी एक तराजू आहे. आजोबांचा, ते लोकल बोर्डाच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. लाकडी पेटी, आत निळं मखमली कापड विटून राखाडी झालेलं, पारड्यांच्या रेशमी दोऱ्या कधीच तुटल्यात. वजनांपैकी एकच शिल्लक, पितळेचं, बोटाच्या पेराएवढं. त्यावरची खूण झिजून गेलेली. गेल्या दिवाळीत जळगावच्या सराफ बाजारात काही कामानं गेलो तेव्हा ते खिशात घेऊन गेलो. दुकानातल्या मुलानं इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं: ३.८८ ग्रॅम. त्याला काही बोध होईना. गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या शेठजींनी ते हातात घेतलं, तळव्यावर दोनदा वर-खाली केलं, काट्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"चार मासे," ते म्हणाले. "सोनाराचं नाही हे. घरात डाक्टर होतं का कोणी?"